कुंभकोणमला ‘बहुउद्देशीय’ सभागृह देऊ नका

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणमला मी आजवर चार वेळा गेलो आहे. पहिल्या तीन खेपांना सर्वांप्रमाणे देवळे पाहिली, महामहम तलावाकाठचे सोळा मंडप मोजले आणि पितळी पेल्यातली कॉफी पिऊन परतलो. चौथ्या खेपेला एका तंजावरी मराठी कुटुंबाकडे उतरलो. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावरची गादी स्थापली; त्यानंतर केव्हातरी यांचे पूर्वज कावेरीकाठी आले. घरात अजून मराठी बोलली जाते. ती ऐकताना पणजीची आठवण येते आणि अर्धे कळतही नाही. संध्याकाळी ओसरीवर शेजारची मंडळी जमली. एक निवृत्त प्राध्यापक होते, एक तविल वाजवणारे गृहस्थ होते आणि सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केलेले एक अभियंता होते. कुंभकोणम २०२१ साली महानगरपालिका झाले, तेव्हा गावाच्या इतमामाला साजेसे एक आधुनिक रंगमंदिर आता व्हावे, असा एकंदर सूर होता. हजार खुर्च्या, वातानुकूलन, समोर वाहनतळ आणि शक्य तर तळमजल्यावर लग्नाचे सभागृह, म्हणजे खर्चही भागेल. मी प्रशासनात आयुष्य काढलेला माणूस, म्हणून अशा कामाला निधी कोणत्या योजनेतून मिळतो, हे मला विचारण्यात आले.

मी म्हणालो, निधी मिळेल. पण असा मागू नका. मंडळी नाराज झाली. घरातल्या आजींनी शहाणपणाने विषय बदलला. त्या संध्याकाळी अर्धवट राहिलेले उत्तर येथे पुरे करतो. ते एकट्या कुंभकोणमला उद्देशून नाही. परप्रांतात वा परदेशात राहून आपल्या गावच्या नाट्यगृहासाठी वर्गणी पाठवणारे वाचक मला ठाऊक आहेत. त्यांनीही ते वाचावे.

आधी एक कबुली. महाराष्ट्रातील एका मध्यम शहरात मी प्रशासक असताना तेथील नाट्यगृहाच्या प्रस्तावावर अखेरची सही माझी होती. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ‘बहुउद्देशीय सभागृह’ असे शब्द होते. मी ते वाचले आणि मला आनंद झाला, कारण बहुउद्देशीय म्हटले की वित्त विभागाचे आक्षेप कमी येतात. उद्घाटनाला मोठा समारंभ झाला. बदली होऊन तीन-साडेतीन वर्षांनी मी त्याच शहरात एका लग्नाला गेलो, आणि लग्न त्याच सभागृहात होते. रंगमंचावर वधूवरांचे सिंहासन होते. पडदा ओढणारी मोटर बंद पडून वर्ष उलटले होते. रंगपटाच्या एका खोलीत निवडणुकीचे सामान ठेवले होते आणि दुसरीला कुलूप होते. किल्ली कोणाकडे, ते कोणी सांगेना. नाटके होतात का, असे मी पहारेकऱ्याला विचारले. शाळांची गॅदरिंगे होतात, असे तो म्हणाला. त्या लग्नात जेवण उत्तम होते, पण मला ते गेले नाही.

दोष कोणाचा, हे मी नंतर बराच काळ शोधत होतो. ठेकेदाराने काम नियमाप्रमाणे केले होते. लेखापरीक्षणात एकही आक्षेप नव्हता. दोष त्या शब्दाचा होता, आणि तो शब्द मान्य करणाऱ्याचा होता.

नाट्यगृह हे यंत्र आहे, हे आपल्या बांधकाम विभागांना पटत नाही. ज्या दालनात पंगती बसवायच्या त्याची जमीन सपाट हवी. ज्यात नाटक पाहायचे त्याची जमीन उताराची हवी. बोलक्या नाटकात शब्द साधारण एका सेकंदात विरला पाहिजे, नाहीतर पुढचे वाक्य त्यावर आपटते. गाण्याला याहून लांब नाद लागतो, नाहीतर आवाज कोरडा पडतो. सभेला काहीही चालते, कारण तेथे कर्णा असतो आणि ऐकायला कोणी आलेलेही नसते. पडदे व नेपथ्य सरळ वर उचलायचे असेल तर रंगमंचावरचे छत प्रेक्षकांना दिसणाऱ्या चौकटीच्या दुपटी-अडीचपटीइतके उंच लागते. एवढी उंची कशाला, असे म्हणून ती पहिल्याच आढावा बैठकीत कापली जाते. विटा, फरश्या, ग्रॅनाइट, फॉल्स सीलिंग यांचे दर दरसूचीत असतात. ध्वनीचा विचार मात्र स्लॅब पडल्यानंतर सुचतो. मग भिंतींवर कापडाचे तक्ते ठोकतात आणि उरलेले काम ध्वनिक्षेपकावर सोपवतात. ध्वनिक्षेपक लावला की सगळी सभागृहे सारखीच. मग एवढा पैसा कशासाठी घातला?

दुसरी गोष्ट पैशाच्या हिशेबाची. आपल्याकडे इमारतीला अनुदान मिळते, इमारत चालवायला मिळत नाही. १९६१ साली रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त केंद्राच्या साहाय्याने राज्याराज्यांतून रवींद्र भवने व रंगमंदिरे उभी राहिली. दीडशेव्या जयंतीच्या वेळी, २०११च्या सुमारास, सांस्कृतिक संकुलांची योजना पुन्हा आली. हेतू दोन्ही वेळा चांगला होता. पण भांडवली खर्चाचा धनादेश दिल्लीहून किंवा राजधानीतून येतो आणि वीजबिल गावावर येते. नगरपालिका मग काय करते? वातानुकूलन बंद ठेवते, भाडे वाढवते, लग्ने घेते. भाडे वाढले की हौशी संस्था बाहेर जातात, लग्ने वाढली की व्यावसायिक मंडळींना तारखा मिळत नाहीत. आणि मग कोणीतरी सभागृहात उठून सांगतो की नाट्यगृह तोट्यात आहे, लोकांना नाटकात रसच उरलेला नाही.

महाराष्ट्रातली उदाहरणे वाचकांना माहीत आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिराच्या दुरवस्थेबद्दल कलावंतांना जाहीर बोलावे लागले, आणि मग ते दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद राहिले. नाशिकचे महाकवी कालिदास कलामंदिर स्मार्ट सिटीच्या पैशातून नवे होऊन २०१८ साली उघडले, आणि पाठोपाठ भाड्याचा वाद सुरू झाला. गोव्यात तर याहून वाईट झाले. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीच्या काठी रचलेली पणजीची कला अकादमी ही देशातल्या मोजक्या जिवंत इमारतींपैकी एक. नूतनीकरण चालू असतानाच, १७ जुलै २०२३ रोजी, तिथल्या खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. रात्रीची वेळ होती म्हणून माणसे वाचली. संस्था पुन्हा उघडली, पण कलाकारांच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

कोल्हापूरविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. शाहू महाराजांनी १९१५ साली तेथे पॅलेस थिएटर उभे केले. कोल्हापूर हे तेव्हा आजच्या कुंभकोणमहून लहान गाव होते. पण महाराजांनी त्या इमारतीला एकच काम दिले. कुस्ती पाहायची तर शेजारी खासबागेचे मैदान वेगळे होते. नाटकाच्या खुर्च्या हलवून आखाडा करावा, अशी काटकसर त्यांना सुचली नाही. दोन कलांसाठी दोन जागा, एकमेकींना लागून, हा त्या माणसाचा हिशेब होता. पुढे १९५७ साली या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत भस्मसात झाले. प्रयोग नव्हता म्हणून प्राणहानी झाली नाही. दुसऱ्या दिवशी जयंतीला जमलेले कोल्हापूरकर राखेपुढे उभे राहून रडत होते. बहुउद्देशीय सभागृह जळाले म्हणून कोणी रडल्याचे मी ऐकलेले नाही.

आग हा शब्द कुंभकोणममध्ये जपून उच्चारावा लागतो. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ मुले मेली. त्यानंतर तामिळनाडूतील शाळांवरची गवती छपरे उतरवली गेली. ज्या गावाने हे पाहिले त्या गावात हजार माणसांना एका बंद, वातानुकूलित, कापडाने मढवलेल्या दालनात बसवायचे असेल, तर बाहेर पडण्याचे दरवाजे हा आराखड्यातला पहिला विषय असला पाहिजे. आणि पुढे दर महिन्याला ते दरवाजे उघडतात की नाही हे पाहणारा, नावानिशी जबाबदार असलेला, पगारी माणूस असला पाहिजे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली ५९ जण गेले, तेव्हाही नियम होतेच. नियमाची अंमलबजावणी आवर्ती खर्चातून होते, आणि आवर्ती खर्चाला आपल्याकडे कोणी फीत कापत नाही.

आता कुंभकोणमला काय हवे ते पाहू. २०११च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती. महानगरपालिका होताना हद्द वाढली. पण लोकसंख्येवरून खुर्च्या ठरवणे हेच मुळात चुकीचे. गावाच्या पंचक्रोशीत काय पिकते ते आधी मोजा. जवळच्या नरसिंगमपेट्टैला नागस्वरम् हे वाद्य घडवले जाते. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे वाद्य देवळाच्या प्राकारात आणि रथापुढे वाजण्यासाठी जन्मले आहे. बंद दालनात ते आणि तविल यांचा मारा कानाला सोसत नाही. मेलट्टूरला आणि आजूबाजूच्या काही गावांत भागवत मेळा होतो. नरसिंह जयंतीच्या दिवसांत, देवळासमोर, रात्रभर, तेलुगू भाषेत, तमिळ प्रेक्षकांपुढे. नरसिंहाच्या मुखवट्याची तेथे पूजा होते. हे नाट्य चौकटीच्या रंगमंचावर, दीड तासात, थंडगार खुर्च्यांपुढे आणले की त्याचे सरकारी प्रजासत्ताकदिनाचे प्रदर्शन होते. म्हणजे गावाच्या दोन सर्वांत मोठ्या कलांना हजार खुर्च्यांचे वातानुकूलित दालन निरुपयोगी आहे. मग ते कोणासाठी? निवडणुकीच्या सभा आणि चेन्नईहून येणारे दूरदर्शन मालिकांतले विनोदवीर यांच्यासाठी. त्यांना माझा विरोध नाही. त्यांच्यासाठी भाड्याची कल्याणमंडपे पुष्कळ आहेत.

मात्र बंदिस्त नाट्यगृहाची गरज या गावाला नाहीच, असे मी म्हणत नाही. उलट कुंभकोणमचा या बाबतीतला वारसा विलक्षण आहे आणि तो बहुतेक मराठी वाचकांना माहीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुंभकोणमच्या बालामणी अम्माळ यांनी केवळ स्त्रियांची नाटक कंपनी चालवली. त्यांच्या प्रयोगांसाठी बाहेरगावाहून खास आगगाड्या सुटत, अशी आठवण आजही सांगतात. ज्या काळी मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुष करत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. तंजावरचे मराठीभाषक गोविंदस्वामी राव यांची मनमोहन नाटक कंपनी तमिळ व्यावसायिक रंगभूमीच्या आरंभीच्या मंडळींत गणली जाते. हरिकथेचे तंजावरी रूप तर मराठी कीर्तनातून घडले. कृष्ण भागवतर यांनी महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांकडून साकी, दिंडी, ओवी उचलली आणि कर्नाटक संगीतात बसवली. कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् येथे आज विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिर उभे आहे आणि तेथे तमिळ गळ्यातून अभंग ऐकू येतात. हे सारे ऐकायला, आणि आजच्या तमिळ तरुणांची नवी नाटके पाहायला, कर्ण्यावाचून आवाज पोहोचेल असे चारशे-साडेचारशे आसनांचे घर पुरे आहे. त्याला लागून एक उघडे अंगण ठेवावे, ज्याचा एक दरवाजा थेट रस्त्यावर उघडेल. भागवत मेळा आणि नागस्वरम् तेथे. जागा गावात, जुन्या रस्त्यांपासून चालत जाण्याइतकी जवळ. बाह्यवळण रस्त्यावर वाहनतळ मोठा मिळतो म्हणून नाट्यगृह तेथे नेले, तर सत्तरीतली जाणकार मंडळी कायमची गमवाल.

आणि लग्न नाही. एकसुद्धा नाही, आयुक्तांच्या मुलीचेही नाही.

येथे अभियंते साहेबांनी मला थांबवून विचारले होते की मग वीजबिल कोण भरणार. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्याच राज्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा सार्वजनिक ग्रंथालय कायदा मद्रास प्रांताने १९४८ साली केला. त्यामागे रंगनाथन यांची तपश्चर्या होती, आणि रंगनाथन हे जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या शियाळीचे. या कायद्याने मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर बसवला. वाचनालयाने आपला खर्च लग्ने लावून भागवावा, असे कोणाला सुचले नाही. (महाराष्ट्राने १९६७ साली आपला कायदा केला, तो मात्र उपकराशिवाय, त्याचे परिणाम आपल्या गावोगावच्या ग्रंथपालांना त्यांचा पगार विचारून समजून घ्यावेत.) उद्यानाला उत्पन्न विचारत नाहीत, पथदिव्यांना विचारत नाहीत, नाट्यगृहालाच तेवढे का विचारतात? मालमत्ता करातला एक छोटासा, कायद्याने बांधलेला हिस्सा, किंवा निदान बांधकामाच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे पंचवीस रुपये वेगळे काढून केलेली ठेव, जिला सर्वसाधारण सभाही हात लावू शकणार नाही, यापैकी एक तरी आधी ठरवा. त्यातून एक व्यवस्थापक, एक प्रकाशाचा आणि एक ध्वनीचा जाणकार, एक वीजतंत्री आणि पुरेसे सफाई कामगार, एवढी पदे मंजूर करून घ्या. पदे मंजूर झाल्यावरच भूमिपूजन. हा क्रम उलटा झाला की पुढचे सगळे माझ्या त्या शहरासारखे होते.

शेवटी आपल्या मराठी माणसांविषयी दोन शब्द, कारण त्यांच्या वागण्याने मला कुंभकोणममध्ये ओशाळल्यासारखे झाले. तंजावर म्हटले की आपण ताठ होतो. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ १८४३ साली केले; त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरच्या शाहजीराजांनी मराठी नाटके लिहिली होती, हे आपण व्याख्यानांतून सांगतो. खरे आहे. शाहजींनी १६८४पासून पुढे पाव शतकाहून अधिक काळ राज्य केले आणि मराठीबरोबर तेलुगूतही भरपूर लिहिले. ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर त्यांनी पाच भाषा एकत्र आणल्या. हस्तलिखिते सरस्वती महालात आहेत. आपले सहलीचे गट तेथे जातात, सरफोजीराजांच्या पुतळ्यापुढे छायाचित्र काढतात, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ सालचा मराठी शिलालेख शोधतात आणि त्याच गाडीने रामेश्वरला जातात. त्या नाटकांपैकी किती आपण रंगमंचावर पाहिली? आजींनी मला हाच प्रश्न फार सौम्यपणे विचारला. पुण्या-मुंबईचे लोक येतात, आमचे बोलणे ध्वनिमुद्रित करून नेतात, पुन्हा येत नाहीत, असे त्या म्हणाल्या. गाऱ्हाणे म्हणून म्हणाल्या नाहीत; पाऊस येतो-जातो तसे म्हणाल्या.

सरकारी व्यवस्थाही या आडच येते. दक्षिण क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय १९८६पासून तंजावरलाच आहे. पण महाराष्ट्र त्या क्षेत्रात मोडत नाही. तो पश्चिम क्षेत्रात उदयपूरला आणि दक्षिण-मध्य क्षेत्रात नागपूरला जोडलेला आहे. म्हणजे तंजावरच्या मराठी राजाचे नाटक घेऊन एखादी सांगलीची मंडळी कुंभकोणमला निघाली, तर कागदावर ती परक्या क्षेत्रात जाते आणि दोन कार्यालयांत पत्रव्यवहार सुरू होतो. क्षेत्रे आखणाऱ्यांनी नकाशा पाहिला, इतिहास पाहिला नाही. हे दुरुस्त करायला कायदा लागत नाही. दोन संचालकांनी वर्षाच्या कार्यक्रमात चार ओळी घातल्या तरी पुरे. बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांनी, दरवर्षी त्याच दोन लोकप्रिय नाटकांचे दौरे आखण्याऐवजी, एक वर्ष हा पाठपुरावा केला तर ते काम होईल. मी स्वतः त्यासाठी पत्रे लिहून देण्यास तयार आहे. मसुदे लिहिणे एवढेच मला नीट येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तविलवाले गृहस्थ मला त्यांच्या घराजवळचे एक जुने अंगण दाखवायला घेऊन गेले. तीन बाजूंना लाकडी खांबांच्या ओसऱ्या होत्या, मध्ये उघडे आकाश. त्यांनी बोटांना टोप्या चढवल्या, बसले आणि दहा मिनिटे वाजवले. शेवटच्या खांबाशी उभा राहून मी ऐकत होतो. एकही आघात दुसऱ्यावर सांडत नव्हता. अभियंतेही मागोमाग आले होते. त्यांनी खिशातून टेप काढली आणि अंगणाची लांबी, रुंदी, मग ओसरीची उंची मोजून एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतली.